कवड्या, मण्यार आणि आमची यादी

गेल्या जुलैमधली गोष्ट. लाइट्स आउट होऊन दहा मिनिटं झाली असतील. डॉर्मिटरीच्या व्हरांड्यात एक जूनियर ओरडला, "साप!" आम्ही सगळे टॉर्च घेऊन धावलो. भिंतीच्या कडेला हातभर लांबीचा, तपकिरी रंगाचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला साप होता. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला, म्हणून साप-विंचू मला कळतात असा सगळ्यांचा समज. माझाही तसाच समज होता. मी एकदा बघितलं आणि खात्रीने सांगितलं, "मण्यार आहे. मारा." हॉकी स्टिक माझ्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीवशास्त्राचे सर आले. त्यांनी काडीने साप सरळ केला, डोक्यापासून शेपटीपर्यंत नीट पाहिला आणि म्हणाले, "हा क्रेट नाही, वुल्फ स्नेक आहे. याच्यात माणसाला मारणारं विष नसतं. पाली खायला आला होता." मराठीत याला कवड्या म्हणतात, हे मी नंतर लायब्ररीत शोधलं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आपल्या कॅम्पसवरच्या किती सजीवांची नावं तुला सांगता येतील?" त्या संध्याकाळी प्रेपमध्ये मी वही काढून लिहायला बसलो. कावळा, चिमणी, खार, आंबा, वड, पिंपळ... १९ नावांवर अडकलो. सहावीपासून मी इथे राहतो. तीन वर्षांत १९! वही दाखवली तेव्हा सरांनी 'चिमणी'वर बोट ठेवलं. "ही इथे कधी पाहिलीस?" मला आठवेना. चिमणी मी सवयीने लिहिली होती. ती खोडली आणि १८ उरली.

इथून आमची यादी सुरू झाली. त्या यादीने मला जैवविविधतेबद्दल जे शिकवलं, ते या लेखात सांगतो.

मण्यार आणि कवड्या यांत फरक काय?

आधी हा प्रश्न संपवू, कारण पावसाळ्यात तो पुन्हा येणार आहे. मण्यार काळसर, चकचकीत असते. तिचे पांढरे पट्टे बारीक असतात, बहुतेक वेळा जोडीने असतात आणि शेपटीकडे जास्त ठळक दिसतात. मानेजवळ ते पुसट असतात किंवा नसतातच. कवड्याचं उलटं. तो तपकिरी असतो, पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. दोघेही रात्री फिरतात. मण्यार अतिशय विषारी आहे आणि नाग, घोणस, फुरसे यांच्याबरोबर तिचं नाव घेतलं जातं. भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बिनविषारी आहेत.

पण मित्रांनो, हे वाचून कोणी टॉर्च घेऊन पट्टे बघायला जवळ जाऊ नका. लहान वयाचे साप फसवतात, आणि घाबरलेला माणूस तर त्याहून जास्त फसतो. साप दिसला की दूर उभं राहायचं, त्याच्यावर लांबून नजर ठेवायची आणि ड्यूटीवरच्या मोठ्यांना कळवायचं. ते सर्पमित्राला बोलावतात. ओळखायचं काम त्याचं. मला त्या रात्री एवढंच करायचं होतं.

जैवविविधता म्हणजे नक्की काय?

परीक्षेत आपण व्याख्या लिहितो की पृथ्वीवरील सजीवांमधील विविधता म्हणजे जैवविविधता. हा शब्द तसा नवा आहे. इंग्रजीत तो १९८०च्या दशकात तयार झाला. १९९२ साली ब्राझीलमधल्या रिओ इथे देशांनी जैवविविधतेचा करार केला आणि आपल्या संसदेने २००२ साली जैवविविधता कायदा केला. दरवर्षी २२ मे हा दिवस यासाठीच पाळतात.

ही विविधता तीन पातळ्यांवर असते. पहिली, जातींची. कवड्या वेगळा, मण्यार वेगळी, खार वेगळी. ही सहज समजते.

दुसरी, एकाच जातीच्या आतली. बंगळुरू विमानतळाच्या पुढे देवनहळ्ळीजवळ नल्लूर नावाचं गाव आहे. तिथे सुमारे ५४ एकरांत जुन्या चिंचांची राई आहे. सगळी झाडं चिंचेचीच, मग त्यात विविधता कुठली? पण झाडांची ठेवण वेगळी, चिंचांचा आकार वेगळा. म्हणजे त्यांच्या आतला वारसा वेगळा. २००७ साली ही राई भारतातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. जातीच्या आतली ही विविधता नसली की काय होतं, ते आयर्लंडने भोगलं. तिथे गरीब लोक बहुतेक एकाच वाणाच्या बटाट्यावर जगत होते. १८४५ साली त्या बटाट्यावर रोग आला. झाडं सारखीच असल्यामुळे रोगाला कुठे अडथळाच आला नाही, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि रोगाने मेली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे गावरान वाणांचं बियाणं का जपतात, ते यावरून कळतं. त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली आहे.

तिसरी पातळी परिसंस्थांची. तळं, गवताळ माळ, जंगल, खडक. प्रत्येक ठिकाणचे राहणारे वेगळे, त्यांचे एकमेकांशी संबंध वेगळे. बंगळुरूच्या दक्षिणेला बन्नेरघट्टाचं जंगल आहे, तिथे हत्ती आहेत. उत्तरेला हेसरघट्टाचा गवताळ माळ आहे. माळाला लोक 'मोकळी जागा' म्हणतात, पण गवतात राहणाऱ्या पक्ष्यांसाठी ती मोकळी नसते. तेच त्यांचं घर असतं.

बंगळुरूच्या नावाचा बेडूक

मला वाटायचं की शास्त्रज्ञांना सगळे प्राणी माहीत असतात, फक्त आपल्याला माहीत नसतात. ते खरं नाही. २०११ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने अंदाज केला की पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांच्या, म्हणजे प्राणी, वनस्पती, बुरशी वगैरेंच्या, पृथ्वीवर सुमारे ८७ लाख जाती असाव्यात. नाव मिळालेल्या जाती आजही साधारण २० लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे पाचांतल्या जवळजवळ चार जातींना अजून नावच नाही.

मग या बिननावाच्या जाती ॲमेझॉनच्या जंगलात आणि समुद्राच्या तळाशीच असतील का? नाही. २०२० साली बंगळुरूच्या वेशीवर, राजानुकुंटेजवळच्या पडीक जमिनीत सापडलेल्या एका बेडकाची नवी जात म्हणून नोंद झाली. त्याला या शहराचंच नाव दिलं आहे, 'स्फेरोथेका बेंगळुरू'. तो मातीत बिळ करून राहतो. त्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांत पुण्यातल्या प्राणी सर्वेक्षण केंद्राचेही लोक होते. हे शहर एक कोटीहून जास्त माणसांचं. इथे उपग्रह बनतात, विमानं बनतात. आणि इथल्याच मातीतल्या बेडकाला २०२० सालापर्यंत नाव नव्हतं.

हे वाचल्यापासून आमच्या यादीत आम्ही प्रश्नचिन्हाला जागा दिली. ज्याचं नाव कळलं नाही, त्याचं वर्णन लिहायचं, जागा आणि तारीख लिहायची आणि पुढे '?' करायचं. अंदाजाने नाव लावायचं नाही. अंदाजाने नाव लावलं की काय होतं ते मला माहीत आहे.

वही, आजी आणि रविवारचा फोन

आम्ही करत होतो ते काम फार मोठ्या प्रमाणावर देशभर चालतं, हे मला नंतर कळलं. आणि त्याचं एक मूळ याच शहरात आहे. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ साली परिसर विज्ञानाचं केंद्र उभारलं. आपल्या परिसराची माहिती तिथे राहणाऱ्या लोकांनाच जास्त असते, म्हणून गावातल्या सजीवांची नोंद गावकऱ्यांनी करावी, असं ते सांगत. यातून 'लोक जैवविविधता नोंदवही' ही कल्पना पुढे आली. २००२च्या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता समिती असावी लागते आणि ही नोंदवही करणं हे तिचं महत्त्वाचं काम आहे.

लोकांना जास्त माहिती असते, याचा मला लगेच अनुभव आला. पंप हाउसच्या मागे एक रोपटं सगळीकडे उगवलं होतं. पानं जोडीजोडीने, पिवळं फूल, लांब बारीक शेंग. पुस्तकात आम्हाला ते सापडेना. रविवारी घरी फोन लावला तेव्हा मी आजीला वर्णन सांगितलं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "आरं, त्यो टाकळा. गेल्या पावसात त्याची भाजी दोन भाकऱ्यांसंगं खाल्लीस की!" मी टाकळा खाल्ला होता, पण ओळखत नव्हतो. त्यानंतर दर रविवारी मी पप्पांच्या आधी आजीलाच फोनवर मागायला लागलो. घोळ, कुर्डू, माठ, आघाडा अशी ११ नावं आजीची आहेत. आजी शाळेत गेलेली नाही. आमच्या वहीत 'कोणी ओळखलं' या रकान्यात तिचं नाव सरांच्या खालोखाल आहे.

कन्नड मित्रांनीही भर घातली. वडाला ते 'आल' म्हणतात, कडुलिंबाला 'बेवु', करंजाला 'होंगे'. मुंगसाला 'मुंगुसि' म्हणतात हे ऐकून तर मला गंमतच वाटली. आमच्या वहीत आता इंग्रजी, कन्नड आणि मराठी असे तीन रकाने आहेत.

फक्त आकडा मोजून भागत नाही

फेब्रुवारीपर्यंत आमची यादी १४७ वर गेली. झाडं, झुडपं आणि रोपटी ५२, पक्षी ४१, फुलपाखरं १७, इतर कीटक आणि कोळी २३, सरपटणारे प्राणी आणि बेडूक ८, सस्तन प्राणी ६. सस्तन प्राण्यांत खार, मुंगूस, उंदीर, चिचुंद्री आणि वटवाघूळ हे पाच. सहाव्यावर वाद झाला. एक जूनियर म्हणाला, "माणूसपण लिहा ना, तो काय बाहेरचा आहे का?" आम्ही हसलो, पण लिहिलं. यादीतला शेवटचा क्रमांक माणसाचा आहे.

१४७ बघून मला अभिमान वाटला. मग सर आम्हाला लालबागेत घेऊन गेले. ही बाग १७६०च्या सुमारास हैदर अलीने सुरू केली. आज ती सुमारे २४० एकरांवर आहे आणि जगभरची झाडं तिथे आहेत. बागेत जो खडक आहे तो जवळजवळ ३०० कोटी वर्षांचा, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक. खडकावर बसून सरांनी विचारलं, "तुमच्या ५२ पैकी इथली किती?" आम्ही वही उघडली. गुलमोहर मादागास्करचा. रेन ट्री, जॅकरंडा आणि ज्याच्या गुलाबी फुलांचे फोटो सगळे काढतात तो टॅबेबुया, हे सगळे अमेरिका खंडांतले. वाईट झाडं नाहीत ती, सावली देतात. पण इथल्या किड्यांचं आणि पक्ष्यांचं इथल्या झाडांशी हजारो वर्षांचं नातं असतं. तसं नातं पाहुण्या झाडाशी लगेच जुळत नाही.

नातं म्हणजे काय ते स्लेंडर लॉरिसवरून समजतं. हा मोठ्या गोल डोळ्यांचा, माकडाचा लांबचा नातेवाईक. कन्नडमध्ये त्याला 'काडुपापा' म्हणतात, म्हणजे रानातलं बाळ. बंगळुरूत विज्ञान संस्थेच्या आणि कृषी विद्यापीठाच्या आवारात तो आजही आहे. रात्री तो फांदीवरून फांदीवर चालत जातो आणि किडे खातो. पण त्याला माकडासारखी उडी मारता येत नाही. दोन झाडांच्या फांद्या एकमेकांना लागलेल्या असतील तरच त्याचा रस्ता चालू राहतो. मधलं एक झाड तोडलं तर झाडांच्या यादीतून एकच वजा होतं, पण लॉरिसचा पूल पडतो.

आम्ही केलेली साफसफाई

आता दुसरी चूक सांगतो. डिसेंबरमध्ये पाहुणे येणार होते, म्हणून श्रमदान होतं. आमच्या गटाकडे पंप हाउसच्या मागचा भाग आला. गवत, टाकळ्याची वाळलेली रोपं, रुईची झुडपं असं सगळं आम्ही दोन तासांत उपटलं. मीच सगळ्यांत जोरात काम करत होतो. जागा चकाचक झाली आणि आम्हाला शाबासकी मिळाली.

जानेवारीत फुलपाखरांची मोजणी केली. ऑक्टोबरमध्ये त्याच कोपऱ्यात १४ प्रकारची दिसली होती. आता ४ दिसली. मला आधी वाटलं थंडीमुळे असेल, आणि थोडा भाग थंडीचा असेलही. पण मग वाचलं. केशरी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या कडेचं प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू रुईसारख्या चिकाच्या झाडांवर अंडी घालतं. त्याच्या अळ्या तीच पानं खातात आणि तो कडू चीक अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. लहान पिवळ्या फुलपाखराच्या अळ्या टाकळ्याची पानं खातात. आम्ही कचरा काढला नव्हता, त्यांची मेस मोडली होती. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात, ती रुई मी स्वतःच्या हाताने उपटली होती आणि त्या वेळी ती मला फक्त 'झाडी' दिसत होती.

साप मारताना नाव चुकीचं होतं. रुई उपटताना नाव माहीत असूनही तिच्यावर कोण जगतं ते माहीत नव्हतं. दोन्ही वेळा हात माझे होते आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी चांगलं काम करतोय.

शोलेची टेकडी

हीच गोष्ट पूर्ण देशाच्या बाबतीत घडली आहे. बंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना सुमारे ५० किलोमीटरवर रामनगर लागतं. 'शोले' तिथल्या खडकाळ टेकड्यांत चित्रित झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या टेकड्यांच्या कड्यांवर गिधाडं घरटी करत, आणि २०१२ साली तिथल्या रामदेवर बेट्टावर गिधाडांसाठी अभयारण्य जाहीर झालं, हे कमी जणांना माहीत असतं. आज तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच गिधाडं राहिली आहेत.

१९९०च्या दशकात भारतातली गिधाडं अचानक मरायला लागली. काही वर्षांत मुख्य तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ साली कळलं. गाई-म्हशींना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं औषध देत. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. कोणालाही गिधाडं मारायची नव्हती. लोक आपल्या गाईला बरं करत होते. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं, पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे संख्या भरून यायला फार काळ लागतो. तोपर्यंत मेलेली जनावरं उघड्यावर पडून राहिली आणि ती खाऊन भटकी कुत्री वाढली. कुत्री वाढली की रेबीजचा धोका वाढतो. 'एक पक्षी गेला तर काय बिघडतं?' या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

आता काय?

जानेवारीची मोजणी घेऊन आम्ही चौघे सरांबरोबर विनंती करायला गेलो. पंप हाउसच्या मागची तीस पावलं लांबीची पट्टी पुढच्या पावसाळ्याअखेरपर्यंत न कापता ठेवायला परवानगी मिळाली. अट एकच, पट्टीच्या चारही बाजू नीट ठेवायच्या आणि तिथे कोणी जूनियरने एकट्याने जायचं नाही. ते योग्यच आहे. कडेने आम्ही चुना मारला आहे. रुईची दोन झुडपं मुळापासून पुन्हा फुटली आहेत. फुलपाखरं परत येतील का, ते सप्टेंबरच्या मोजणीत कळेल.

ज्यांना यादीत यायचं आहे त्यांनी एवढंच करावं. रोज पीटीनंतर पाच मिनिटं एकाच जागी उभं राहावं. जे दिसेल तेच लिहावं, सवयीने लिहू नये. तारीख, वेळ, जागा लिहावी. नाव आलं नाही तर प्रश्नचिन्ह करावं, आणि रविवारी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. आजपर्यंत आमच्या वहीत २६ प्रश्नचिन्हं आहेत. त्यांतलं एखादं तुमच्या आजीला माहीत असेल.

वहीच्या दुसऱ्या पानावर सरपटणाऱ्या प्राण्यांची पहिली नोंद आहे. 'कवड्या. संख्या १. स्थिती मृत. नोंदवणारा,' आणि पुढे माझा कॅडेट नंबर. त्या रात्रीनंतर दुसरा कवड्या अजून कोणाला दिसलेला नाही. या पावसाळ्यात दिसला तर लांबूनच बघा, आणि मला सांगा. त्या नोंदीच्या खालची ओळ मी रिकामी ठेवली आहे.